विषय कोण देतो?

दर रविवारी आम्हाला एक शब्द मिळतो. खोलीतल्या फळ्यावर तो खडूनं लिहिलेला असतो. आठवडाभर तो शब्द घेऊन हिंडायचं आणि पुढच्या रविवारी त्याच्यावर एक फुलस्केप पान लिहून आणायचं. एकच पान, पाठपोट नाही. गोष्ट लिहा, कविता लिहा, आठवण लिहा, शिव्या द्या. पण पानाच्या बाहेर जायचं नाही. नालासोपारा पूर्वेला दहा बाय बाराच्या खोलीत हे दोन वर्षं चाललं आहे. कधी सात जण येतात, कधी पंधरा. एक रिक्षावाला आहे, वसईला कारखान्यात जाणारे दोघे आहेत, घरकाम करणाऱ्या बाया आहेत, कॉलेजची पोरं आहेत आणि एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. फळा त्यांचा, खडूही त्यांचाच. म्हणून शब्दही तेच देत आले.

ह्या पानांसाठी त्या कागदांतून निवड करायचं काम माझ्याकडं आलं. तीन फायली घरी आणल्या आणि चार रात्री बसून वाचल्या. रविवारी एकेक तुकडा ऐकतो तेव्हा आपण टाळी वाजवतो, चहा पितो, जयभीम घालून घरी जातो. सगळे तुकडे एकाखाली एक वाचले की गोष्ट निराळी होते. जे दिसलं ते इथं मांडतो. कुणाला लागेल. लागावं म्हणून लिहीत नाही, पण लागेल म्हणून लिहायचं थांबतही नाही. आणि ज्याला सगळ्यात जास्त लागलं, त्याच्याबद्दल शेवटी बोलणार आहे.

आधी ‘अंगण’ घ्या. ह्या शब्दावर फायलीत अकरा पानं आहेत. त्यातल्या नऊ पानांत तुळशीवृंदावन आहे. सातांत सारवलेली जमीन आणि रांगोळी आहे. पाचांत दिवेलागणीला शुभंकरोती म्हणणारी आजी आहे. मी एकेक नाव वाचत होतो आणि त्या माणसाचं घर डोळ्यांपुढं आणत होतो. अकराच्या अकरा जण चाळीत नाहीतर झोपडपट्टीत वाढलेले. ज्यांना गाव होतं त्यांचं घर गावकुसाबाहेर. कित्येकांच्या आज्यानं 1956 साली देव नदीत सोडले. ज्यांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब सोडून तिसरी तसबीर नाही, त्यांच्या कागदावर ही तुळस उगवली कुठून?

ती पाठ्यपुस्तकातून आली. शाळेत दहा वर्षं ‘अंगण’ म्हटलं की जे लिहिल्यावर मार्क मिळाले, तेच हातानं पुन्हा लिहिलं. कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नाही. मुद्दाम केलेलं खोटं धरता तरी येतं. इथं हात आपोआप तिकडं जातो आणि ज्याचा हात आहे त्यालाही पत्ता लागत नाही. आपण आपलं म्हणून जे लिहितो, त्यातलं किती दुसऱ्याच्या घरातलं असतं हे त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं. माझं स्वतःचं पान त्या नवांत होतं. तेही सांगून टाकतो.

उरलेल्या दोन पानांपैकी एक कविता आहे, ती कच्ची आहे. दुसरं पान एका बाईचं. त्या वसईला चार घरी काम करतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. पान म्हणायचं, पण आहेत पाच ओळी. मावशी लिहितात की अंगण मला नाही, मी तीन अंगणं झाडते. त्यातल्या एका घरी बाईंनी रांगोळी आधीच काढलेली असते आणि झाडलेल्या जागेवर पाय उमटलेला त्यांना चालत नाही. म्हणून मावशी दारापासून फाटकापर्यंत मागं मागं सरकत झाडत जातात आणि शेवटचा पाय फाटकाबाहेर काढतात. इथं लिखाण संपतं.

पेशवाईत पाठीला झाडू बांधायला लावल्याची गोष्ट आपण भाषणांत शंभरदा ऐकली आहे. मावशींनाही ती माहीत आहे. पण त्यांनी ती लिहिली नाही. स्वतःचं झाडणं लिहिलं, आणि वाचणाऱ्याच्या मनात ती जुनी गोष्ट आपसूक उभी राहिली. हे साहित्य आहे. त्या रविवारी गुरुजी म्हणाले होते, “छान आहे, पण जरा वाढवा.” मी गुरुजींचा मान राखून म्हणतो, त्यात एक अक्षर वाढवायचं नाही.

गुरुजी आपलाच माणूस. आयुष्यभर त्यांनी पोरांना निबंध शिकवला. पाऊस, अंगण, आजोळ, श्रावणातली सकाळ, माझा आवडता सण ही यादी त्यांच्या हाडात बसलेली. यादी त्यांनी केलेली नाही. त्यांनाही ती कुणीतरी दिलेली. तेव्हा भांडण गुरुजींशी नाही. भांडण एवढंच, की दिलेला शब्द रिकामा नसतो. ‘अंगण’ म्हणताना ज्याला अंगण होतं त्याचं घर धरलेलं असतं. ‘आजोळ’ म्हणताना आईच्या बापाकडं आंब्याची झाडं होती हे धरलेलं असतं. शब्दाबरोबर आपल्या हातात घराचा नकाशाही येतो. तो न बघता लिहायला बसलो की आपण त्याच घरात जाऊन बसतो, आणि तिथं आपल्याला दारापलीकडं कधी येऊ दिलं नव्हतं हे विसरतो.

जुन्या पंडितांकडं समस्यापूर्ती नावाचा खेळ होता. श्लोकाचा शेवटचा चरण राजानं द्यायचा आणि वरचे तीन कवीनं भरायचे. भोजराजा आणि कालिदासाच्या दंतकथा ह्याच खेळाच्या आहेत. दिलेला चरण कितीही अडचणीचा असो, कवीनं फिरून तिथंच येऊन पोचायचं. पोचला की बक्षीस. ह्यात कसब आहे हे मी नाकारत नाही. पण शेवट राजाचा असतो. कवी कुठूनही निघो, उतरायचं स्टेशन ठरलेलं. अंगणाची ती नऊ पानं म्हणजे समस्यापूर्ती. शेवटचा चरण आपल्याला कुणी सांगितलासुद्धा नव्हता, तरी आपण नीट तिथं जाऊन उभे राहिलो.

आता आपल्या बाजूचं बघू. दुसऱ्या वर्षी पोरांनी तक्रार केली आणि गुरुजींनी मोठ्या मनानं खडू त्यांच्या हातात दिला. मग शब्द बदलले. विहीर. गावकूस. भाकर. मोर्चा. मशाल. टाळ्या दुपटीनं वाढल्या. मलाही वाटलं, आता जमलं.

फाईल वाचली तेव्हा वाटलं, काही जमलेलं नाही. ‘विहिरी’वर चौदा पानं आहेत आणि विहीर एकच आहे. चौदाही पानांत बाई लांब उभी आहे, वरून ओंजळीत पाणी ओतलं जातंय, सूर्य तापलाय आणि शेवटी आग लागणार आहे. चौदातल्या किती जणांनी विहिरीतून पाणी शेंदलं आहे? दोघांनी. बाकीच्यांचं पाणी नळाचं नाहीतर टँकरचं. म्हणजे तुळस गेली आणि तिच्या जागी विहीर आली, पण हात पूर्वीसारखाच आपोआप चालला. आधी शेवटचा चरण पाठ्यपुस्तकाचा होता, आता तो टाळीचा झाला. टाळीलासुद्धा दरबार भरवता येतो, मित्रांनो. फक्त दरबारी आपले असतात, म्हणून ओळखू येत नाहीत.

विहिरीचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी हजारोंना घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्याय घेतलं, ते काय उगीच नाही. त्या दुःखाचे वारस आपण आहोत. पण वारसानं वारसा सांगताना आपण कुठं उभे आहोत ते सांगावं लागतं. आजीची विहीर लिहायची तर नातू टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभा आहे, हे पानावर यायला पाहिजे. ते आलं नाही की वेदनेचा साचा होतो, आणि साच्यातून काढलेली वेदना प्रस्थापितांना फार आवडते. ती त्यांच्या ओळखीची असते, गावाकडची असते आणि जुनी असते. त्यांच्या सोसायटीपर्यंत ती पोचत नाही.

मग दिलेल्या शब्दावर लिहूच नये काय? तसं मला वाटत नाही. आपल्या लिखाणाचा इतिहास बघा. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापून आला. निबंध म्हणजे शाळेतलाच प्रकार, आखून दिलेला. पण त्या चौकटीत ह्या पोरीनं काय भरलं? वेद जर ब्राह्मणांचेच, आम्हाला ते बघायचीसुद्धा बंदी, तर मग आमचा धर्म कोणता, हे तिनं देवालाच विचारलं. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं हे लिहिलं. वाचून झाल्यावर ‘निबंध’ हा प्रकारच पहिल्यासारखा राहत नाही.

बाबासाहेबांचं 1936 चं उदाहरण तर उघड आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. विषय मंडळाचाच, जात तोडण्याचा. भाषण वाचल्यावर मंडळ घाबरलं आणि वेदांबद्दलचा, हिंदू धर्माबद्दलचा मजकूर गाळा म्हणालं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही असं कळवलं. परिषद रद्द झाली. त्यांनी पदरचे पैसे घालून दीड हजार प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. विषय दुसऱ्याचा होता, शेवटचा चरण मात्र त्यांनी मंडळाच्या हातात जाऊ दिला नाही.

जलसे घ्या. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी 1930 च्या दशकात तमाशाचाच सांगाडा घेतला, पण त्या सांगाड्यात विचारायचे सवाल बदलले. वामनदादा कर्डकांनी लोकांच्या तोंडी बसलेल्या चाली घेतल्या. चाल दिलेली होती, पण गाणं उसनं झालं नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. शब्द कुणी दिला हे जरूर विचारा, पण तिथं थांबू नका. तुकडा वाचून झाल्यावर तो शब्द पहिल्यासारखाच राहिला का, हे बघा. राहिला असेल तर आपण नुसती हजेरी लावली. मावशींच्या पाच ओळींनंतर ‘अंगण’ हा शब्द मला पूर्वीसारखा उच्चारता येत नाही. चौदा पानांनंतर ‘विहीर’ होती तिथंच आहे.

ह्याच कसोटीवर रिक्षावाल्या दादांचं ‘पाऊस’ बघू. 2018 च्या जुलैत नालासोपारा स्टेशनात रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या, ते दिवस त्यांनी लिहिले आहेत. सायलेन्सरमध्ये पाणी शिरलेलं. रिक्षा छातीनं ढकलत नेताना आतला प्रवासी पाय वर घेऊन बसलेला आणि मीटर चालू आहे का म्हणून विचारतोय. घरी पोरं कॉटवर, कॉट विटांवर. तीन चतुर्थांश पान असं अस्सल आहे की वाचताना आपला पाय ओला होतो. आणि शेवटच्या दोन ओळी काय? पाऊस त्रास देतो पण पाऊस म्हणजेच जीवन. अरे दादा! छातीनं रिक्षा ढकलणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं? ती ओळ गुरुजींच्या यादीतली आहे. मी ती कापली आणि तुकडा ह्या पानांसाठी घेतला. कापायच्या आधी त्यांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, “मला वाटलं शेवट गोड करावा लागतो.” नव्या लिहिणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल. पान लिहून झालं की शेवटचं वाक्य झाकून वाचा. तुकडा त्याच्याशिवाय उभा राहत असेल तर ते वाक्य आपलं नव्हतं.

काही साहित्यिक मित्र म्हणतात, आठवड्याला पानभर लिहून साहित्य होतं का, हा तर बालवाडीचा खेळ. त्यांनी एकदा सकाळी नालासोपाऱ्याहून चर्चगेटची गाडी पकडावी. तास-सव्वा तास एका पायावर. फायलीतले निम्मे तुकडे त्या गाडीत मोबाईलवर अंगठ्यानं लिहिलेत आणि रात्री कागदावर उतरवलेत. कादंबरीला बैठक लागते आणि बैठकीला जागा लागते. ज्याच्याजवळ चौथी सीटसुद्धा नाही तो तुकडाच लिहिणार. तुकडा लहान म्हणून हलका होत नाही. धोका निराळाच आहे. दर रविवारी पान संपल्याचं समाधान मिळतं, आणि त्या समाधानावर वर्षं निघून जातात. मोठं जे सांगायचं ते तसंच राहतं. म्हणून माझी सूचना आहे की तीन महिन्यांतून एकदा नवा शब्द देऊ नये. प्रत्येकानं आपलाच जुना तुकडा पुन्हा लिहावा.

दिलेल्या सवालाला उत्तर कसं द्यावं हे शिकायला लांब जायला नको. नालासोपारा पश्चिमेला स्तूप आहे. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटी मिळाली, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि सगळ्यात आत, सोन्याच्या करंडकात, मातीच्या भांड्याचे बारके तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. खणण्याआधी ते टेकाड काय आहे हे आसपासच्या लोकांना ठाऊक नव्हतं. बुद्धाचं नाव ह्या मातीतून पुसलेलं होतं. पण टेकाड तर डोळ्यांपुढं होतं. पोरं विचारत असणार, हे काय आहे? लोकांनी उत्तर दिलं, हा बुरुड राजाचा कोट. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा, आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत असलेला. मला तर ते टेकाड उपड्या टोपलीसारखंच दिसतं. ज्यानं पहिल्यांदा हे उत्तर दिलं त्यानं कोट पेशव्याचा म्हटला नाही, पांडवांचाही म्हटला नाही. टोपल्या विणणाऱ्याला राजा केलं आणि कोट त्याच्या नावावर लिहून टाकला. इतिहास म्हणून ते उत्तर चुकीचं असेल. पण ‘राजा’ हा शब्द त्यानंतर पहिल्यासारखा राहिला नाही. आमच्या फायलीत एवढं धाडस फार थोड्या पानांत आहे.

आता शेवटचं. विहिरीच्या चौदा पानांत एक पान कॉलेजातल्या एका पोराचं होतं. जन्म इथलाच, नालासोपाऱ्याचा. गावी दोनदा गेलेला. त्यानं वाचलं आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “ही विहीर तू पुस्तकातून भरून आणलीस.” लोक हसले. पोरानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जिना उतरून गेला. तीन रविवार झाले, तो आलेला नाही.

मी बोललो ते चूक नव्हतं असं मला तेव्हा वाटत होतं. आता वाटतं, ते अर्धंच होतं, आणि अर्धी टीका म्हणजे टवाळी. कारण त्याच पोरानं त्याच्या आदल्या महिन्यात चहा पिताना मला एक गोष्ट सांगितली होती. घरच्यांनी भाड्याची खोली बघितली. खोली पसंत, डिपॉझिट ठरलं, दलालानं पेढासुद्धा दिला. मग मालकानं सहज विचारलं, आडनाव काय? दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन, खोली गेली. पोराची आई म्हणाली की पेढा परत द्यायला पाहिजे होता. हे त्यानं हसत हसत सांगितलं आणि मीही हसत ऐकलं. कागदावर लिही असं मी म्हणालो नाही. त्याला स्वतःला तर ते लिहायचं असतं हे सुचलंच नाही, कारण फळ्यावर तो शब्द कधी आलाच नव्हता आणि वाचलेल्या पुस्तकांत त्याला फक्त विहीर भेटली होती. टीका करणाऱ्याचं काम खोटं दाखवण्यानं संपत नाही. त्या माणसाजवळ खरं कुठं पडलंय ते त्याला परत आणून द्यावं लागतं. ते माझ्याजवळ होतं आणि मी दिलं नाही.

ह्या पानांसाठी मी पाच तुकडे निवडले, बाकीचे ज्याचे त्याला परत केले. माझं अंगण फाडून टाकलं. त्या पोराचं विहिरीचं पान माझ्याजवळ नाही, ते त्याच्या खिशात आहे. भावा, हे वाचत असशील तर ये. विहीर घेऊन आलास तरी चालेल, पण येताना आईचा तो पेढाही घेऊन ये.

गेल्या रविवारी गुरुजींनी स्वतः उठून खडू मावशींच्या हातात दिला. मावशी म्हणाल्या, “मला कुठं येतंय शब्द द्यायला.” मग फळ्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी लिहिलं: लिफ्ट. मागून कुणीतरी विचारलं, कुठली लिफ्ट? त्या म्हणाल्या, “साहेबलोकांची नाय. आमची येगळी असते ती.”

तर पुढच्या रविवारचा शब्द लिफ्ट. एक फुलस्केप पान. जयभीम.